दाराकडे पाठ

ओस्मुंडने दोरी ओढली आणि कापड घसरून खाली पडलं. चार दगडी सैनिक उन्हात उभे राहिले. चौघांचीही पाठ दाराकडे, तोंडं माळाकडे.

दार मात्र खरं होतं. तोर्गर ब्राटेनच्या मातीच्या घराचं, ओकच्या फळ्यांचं. घर केव्हाच ढासळलं, दार तेवढं गावाने जपलं आणि आता स्मारकात बसवलं. त्याच्या बाहेरच्या अंगाला छातीच्या उंचीवर खोल खड्डे होते. सैनिकांनी बंदुका टेकवल्याच्या त्या खुणा, असं शाळेत सांगत. छातीइतक्या उंचावर बंदूक कोण टेकवतो, हे आमच्या गावातल्या एकाही शहाण्याने कधी विचारलं नाही.

गोष्ट सगळ्यांना पाठ होती. डाकोटा तेव्हा अमेरिकेचं राज्य झालं नव्हतं. नॉर्वेहून नुकतीच आलेली पाच-सहा घरं माळावर विखुरलेली. इथले मूळचे सू लोक चाल करून येणार अशी हूल उठली, म्हणून किल्ल्यावरून चार सैनिक राखणीला धाडले. सू आलेच नाहीत, हिमवादळ आलं. तोर्गरने चौघांना तीनदा आत बोलावलं. ते म्हणाले, आम्ही पहाऱ्यावर आहोत. सकाळी दाराशीच गोठलेले सापडले.

त्या रात्री घरात असलेल्यांपैकी आता एकटी सिग्ने उरली होती, तोर्गरची मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची, आता साठीला टेकलेली. मूर्तिकाराने तिलाच विचारलं होतं, तोंडं कुणीकडे करू? ती म्हणाली होती, बाहेर. त्या दिवसापासून तिला घास गोड लागत नव्हता.

बँड थांबला. चौघांतल्या अमोसची बहीण हेस्टर पुढे आली. ओहायोहून तीन दिवस आगगाडीत बसून आली होती बिचारी. तिने दगडी चेहऱ्यावरून हात फिरवला.

"नाक काही जमलं नाही," ती म्हणाली. "आमच्या अमोसचं बटाट्यासारखं होतं. पण उभा छान केलाय." मग ती सिग्नेकडे वळली. "बाई, तुम्ही होतात ना त्या रात्री? आमची आई मरेपर्यंत एकच विचारत होती. आत शेगडी पेटलेली, माणसं बोलावतायत, तरी हा आत का गेला नाही? आईपेक्षा पहारा मोठा झाला का त्याला? रागातच गेली हो ती. त्याचं नावसुद्धा घेऊ देत नव्हती."

"कर्तव्य, बाई," ओस्मुंड मध्येच म्हणाला. सिग्नेचा हा भाचा स्मारक समितीचा अध्यक्ष होता. "आमच्या आजोबांनी तीनदा..."

"ओस्मुंड, गप बस."

"मावशी, लोक ऐकतायत."

"ऐकू देत."

स्मारकाच्या दगडावर सगळ्यात वर तिच्या वडिलांचं नाव होतं, मोठ्या अक्षरांत. सिग्नेने ते एकदा वाचलं.

"माझ्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं," ती हेस्टरला म्हणाली. "आम्हाला कुणालाच येत नव्हतं. बाहेर दणके बसायला लागले, आरडाओरडा झाला. वडिलांना वाटलं, सू आले. त्यांनी अडसर घातला. अडसर हलत होता म्हणून मला तिथे बसवलं. पहाटेपर्यंत एक जण ओरडत होता, तेच तेच. मला ते पाठ झालं, अर्थ कळत नव्हता. दोन वर्षांनी शाळा सुरू झाली. मास्तरीणबाईंनी पहिल्याच आठवड्यात इंग्रजीत शिकवलं, खिडकी लावा, दार उघडा. मी बाकावरच ओकले."

हेस्टरने दारावरच्या खड्ड्यात बोटं घातली.

"तुमचा भाऊ आत यायलाच बघत होता," सिग्ने म्हणाली. "हे दगड चुकलेत, बाई. चौघांची तोंडं दाराकडे होती. पाठ लावून बसले होते ती मी."