मॉडेल कोणतं?

"हौसेला मोल नसतं म्हणतात, पण म्हणून काय भंगार आणून दारात उभं करायचं?" भाकऱ्या थापता थापता विमलबाई नवऱ्याला म्हणाल्या.

रंगरावांनी कानाडोळा केला. बांधापलीकडून नुसता आवाज ऐकून ट्रॅक्टर ओळखणारा हा गडी, पण दारातल्या या म्हाताऱ्या ट्रॅक्टरची पाटीच गळून पडलेली. मॉडेल कळेना, साल कळेना. म्हणून ते बॉनेट खरवडत होते. निळ्या रंगाखाली लाल निघाला आणि त्याखाली पिवळी अक्षरं: 'कु. हौसा'.

"आता ही हौसा कोण?" ते पुटपुटले.

भाकरी थापल्याचा आवाज थांबला. पिठाच्या हातांनीच विमलबाई बाहेर आल्या. "माझ्या बारशाला आमच्या दादांनी घेतलेला हा ट्रॅक्टर. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं 'विमल' लिहिलंत तुम्ही, आणि आता मलाच विचारता, हौसा कोण?"

रंगराव टॉवेलनं सीट पुसायला गेले. तोवर विमलबाई पदर खोचून सीटवर चढल्या आणि जत्रेतल्या पोरीसारखं स्टिअरिंग फिरवायला लागल्या.

संध्याकाळी जो तो विचारत होता, "रंगराव, मॉडेल कोणतं हो?"

"हौसा," रंगराव मिशीत हसत सांगत. "आणि हौसेला मोल नसतं."