घमेल्याखालची डबी

तुरीतल्या साऱ्या डब्या बोलल्या, बांधाजवळची तेवढी मुकी राहिली. तिलाही नेमकं सरांसमोरच मौन धरायचं होतं!

जमिनीची ओल मोजून बिनतारी कळवणाऱ्या त्या डब्या सुकेशनीनंच मेडशीच्या आपल्या वावरात पुरल्या होत्या. त्यांचं ऐकणारा अँटेनाही तिनंच घडवलेला. तो जागचा हलत नसे, कान तेवढा हव्या त्या दिशेला वळवी. नागपूरहून आलेल्या सरांनी आधीच बजावलं होतं, "शेतात चाललं तरच प्रबंध पुढं जाईल."

"डबी बिघडली असेल. जाऊन बघा," सर म्हणाले.

"नाही सर. माझा अँटेना शोधेल तिला." तिनं लॅपटॉपवरून अँटेनाला हुकूम सोडला.

अँटेनानं सगळं वावर पुन्हा चाचपलं. त्याचा कान बांधाच्या बाजूला आला आणि तिथंच घुटमळला. इकडे जरा, तिकडे जरा. पडद्यावर एक आकडा उमटला, गेला, परत आला आणि ठाण मांडून बसला.

"क्षीण आहे, पण आहे," सर पुटपुटले. "तिथं आहे तरी काय?"

दोघं तुरीतून वाट काढत गेले. डबीवर लोखंडी घमेलं पालथं घातलं होतं. ढेकळांमुळे कडेला बोटभर फट राहिली होती, तेवढ्यातून ती बोलत होती.

"माय! हे कोनं झाकलं?"

भागिरथाबाई पदराला हात पुसत आल्या. "म्या झाकलं. रोह्यांचा कळप येते ना वं रोज तूर खायाले. तुडवली असती तुही डबी."

"लोखंडाखालचं आयकू येत नाई, माय!"

"मंग आता कसं आलं?"

सुकेशनीला राग आला होता, तो तिथल्या तिथे विरला. सर खो खो हसत सुटले. "बाई, हिची परीक्षा तर तुम्हीच घेतलीत. पास झाली!"

भागिरथाबाई लगबगीनं बांधावर चढल्या. दोन्ही तळवे तोंडाभोवती धरून त्यांनी सुंदरबाईच्या वावराकडे हाक घातली, "माही सुकेशनी पास झाली वंऽऽ!"

मग तळवे तसेच धरून सोमलाच्या वावराकडे वळल्या. मग रस्त्याकडे.