यंत्रांची अदलाबदल

“ताई, अहो, काय चाललंय तुमचं? माझं यंत्र आहे ते!” धाकटी जाऊ चाचणीघराच्या दुसऱ्या टोकाहून ओरडली.

“म्हणूनच जपून खोलतेय,” थोरली म्हणाली आणि पुन्हा पाना फिरवायला लागली.

घरी एकाच ओट्यापाशी गुण्यागोविंदानं वावरणाऱ्या या दोघी इथे मात्र आमनेसामने होत्या. कचऱ्यातून निघणारा वायू मेम्ब्रेनच्या पडद्यातून गाळायचा आणि त्यातला जळणारा भाग वेगळा काढायचा. थोरलीच्या यंत्रात असे पडदे दोन, धाकटीच्या एकच. कमी विजेत जास्त शुद्ध वायू देईल ते यंत्र कारखान्यात बसणार होतं, दुसरं सरळ भंगारात. थोरलीची आपलं यंत्र घडवण्यात कितीतरी वर्षं गेली होती.

चाचणीची रीत कारखान्याच्या साहेबांनी घालून दिलेली, आणि ती मोठी खट्याळ होती. स्वतःचं यंत्र स्वतः चालवायचं नाही. समोरच्याचं चालवायचं, आणि त्यातून जमेल तितकं जास्त काढून दाखवायचं. हवी ती जोडणी बदलायची मोकळीक. आपल्या लेकराचे लाड कोणीही करतं, असं साहेबांचं म्हणणं.

धाकटीनं थोरलीचं यंत्र अगदी कागदावर लिहिल्याप्रमाणे चालवलं. कुणी नावं ठेवावीत असं काही केलं नाही. लक्ष मात्र सगळं पलीकडे. ताई आपल्या यंत्राची वाट लावणार, याची तिला खात्रीच होती.

संध्याकाळी आकडे हाती आले. धाकटीचं यंत्र जिंकलं होतं, तेही थोडक्यानं. तिचा विश्वासच बसेना. इतका चांगला आकडा तिला स्वतःला कधी काढता आला नव्हता. ती धावतच यंत्रापाशी गेली. थोरलीनं पडद्याच्या मागे एक छोटा पंप जोडला होता. नको असलेला वायू पुढून दाब देऊन ढकलायच्या ऐवजी तिनं तो मागून हळूच ओढून घेतला होता. विजेचा खर्च एकदम खाली आला होता. किती साधं, आणि किती सुंदर! धाकटीला अगदी भरून आलं.

“ताई, कमाल आहे तुमची! कधी सुचलं हे?”

“आजच. तुझं यंत्र समजून घेता घेता.”

“मग असाच पंप तुमच्याही यंत्राला लावायचा, हे कसं नाही सुचलं? तुम्हीच जिंकला असतात!”

थोरलीनं हात पुसले. ती हसत होती, रागाचा लवलेशही नव्हता.

“अगं, आज माझ्या यंत्राचा विचार करायचं काम तुझं होतं.”