पीडिता आणि सोबत एक

बेबीताई काळीपिवळीच्या पुढच्या सीटवर बसली. एरवी तिथं गावातले पुढारी बसतात. मागं, सगळ्या सीट मिळून एकटी समता, तिची लेक. स्टिअरिंगवर भगवानराव. त्याच्याच पोरानं, शिवमनं, समताच्या तोंडावर अ‍ॅसिड फेकलं होतं. आज बुलढाण्याच्या कोर्टात तिची साक्ष.

नियम : पीडितेच्या प्रवासाचा खर्च अनुदानातून करता येईल.

अमडापूरच्या स्टँडवर सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. आज हलली.

नियम : गाडी गावातलीच, कागदपत्रं पूर्ण असलेली, पक्की पावती देणारी.

अशी गाडी गावात एकच. सहाय्य केंद्रातल्या संघपालनं कपाळाला हात लावला होता.

"ताई, त्याचीच काऊन? मी चिखलीहून पाठवतो ना दुसरी."

"चिखलीची नियमात बसते का?"

"नाही. पन हे पैसे त्याच्या पोराच्या वकिलाले जातीन."

"जाऊ दे. त्याच्या हातानं पोहोचवू दे आमाले."

आरोपीला रक्कम देता येणार नाही, एवढंच कागदावर होतं. आरोपीच्या बापाबद्दल लिहायचं राहून गेलं होतं. संघपाल आता मोटारसायकलवर मागं मागं येत होता, गाडी नजरेआड होऊ न देता.

भगवानराव आज हॉर्नला हातही लावत नव्हता. बेबीताईला ते गोड लागत होतं. खटला उभा राहिल्यापासून हाच माणूस तिच्या दारापुढं मुद्दाम हॉर्न दाबून जायचा.

फाट्यावर एका म्हाताऱ्यानं हात केला. भगवानरावचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला.

"एक सीट घेतो. चिखलीलेच उतरन तो."

"नाही घेता येत."

"म्हातारा मानूस आहे, बाई."

"पीडिता आनि सोबत एक. कागदावर खाली तुमचीच सही आहे, भाऊ."

म्हातारा धुळीत मागं राहिला. असे आणखी फाटे यावेत, असं बेबीताईला वाटलं.

पुढच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध सुभद्राबाई उभी होती. भगवानरावची बायको. गावानं पाहू नये म्हणून वावरातून आडवाटेनं आलेली, लुगड्याला कुसळं लागलेली, हातात डबा. गाडी थांबवावीच लागली.

ती नवऱ्याकडे गेलीच नाही. बेबीताईच्या बाजूला आली.

"आज त्याले जेलातून आनतीन म्हनतात. मले एकडाव पाहू द्या. कोपऱ्यात बसून येईन, बाई."

बेबीताईच्या जिभेवर नियम तयार होता. या बाईला तो ऐकवायचा, हे तिनं रात्री अंथरुणावर कितीदा घोकलं होतं. पण डब्याचं झाकण खडखडत होतं. तो आवाज थांबेना.

नियम :

"समते," बेबीताई मागं वळली. "घ्यावं का?"

काच सरकल्याचा आवाज आला. समतानं तोंडावरचा स्कार्फ सोडला. त्याची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि चेहरा खिडकीबाहेर काढला.

"पाहा, काकू."

सुभद्राबाईनं मान खाली घातली.

"खाली नका पाहू. पोराले पाहाच्या आधी हे पाहून घ्या."

बऱ्याच वेळानं सुभद्राबाईनं वर पाहिलं. मग ती स्वतःच रस्त्यातून बाजूला झाली.

"चाला, काका," समता म्हणाली.

भगवानरावनं गिअर टाकला. स्कार्फ अजून समताच्या मांडीवरच होता. थोडं पुढं गेल्यावर त्यानं हात वर केला आणि मागचं दाखवणारा आरसा हळूच समोरच्या काचेकडे फिरवला.

"आरसा सरळ करा, काका. बुलढाना दूर आहे अजून."