घरातल्या सगळ्यांना गोळी

औषध दोनदा देऊनही नातीच्या संडासाच्या जागेची खाज थांबेना, तेव्हा सत्यभामाबाई सुनेला आणि छोट्या डिंपलला घेऊन जळगाव जामोदच्या दवाखान्यात स्वतः आल्या.

"हिची माय हिले लय गूळ चारते. म्हणूनच जंत होतात," खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं. सून खाली मान घालून उभी राहिली.

"गुळानं जंत होत नाहीत, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे बारीक जंत रात्री बाहेर येऊन अंडी घालतात. खाजवलं की ती नखांत जातात आणि नखांतून तोंडात. हिला जेवू कोण घालतं?"

"मीच. माह्या हातानं कुस्करल्याबिगर थे भाकरच खात नाही."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच्या त्या हाताच्या नखांकडे पाहिलं. "या वेळी घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची. तुम्हीसुद्धा."

"मले काऊन? मले काय झालं?"

"रात्री तिथं खाज येते का तुम्हाला?"

"येते ना. लग्न होऊन आली तवापासून येते." भूक लागते म्हणावं, इतक्या सहज त्या बोलल्या.

सून वळून त्यांच्याकडे बघतच राहिली. डॉक्टरीणबाईंचं पेन जागच्या जागी थांबलं.

सत्यभामाबाईंनी आधी एकीच्या, मग दुसरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हंजे," त्या हळूच म्हणाल्या, "सगळ्याईले नाही येत काय?"