बिननावाचा राजा

त्या राज्याची रीतच न्यारी. मृत्यू माणसाला नावानं हाक मारून नेतो, म्हणून राज्याभिषेकाच्या दिवशी राजाचं नाव सगळीकडून पुसून टाकायचे. राणी गेली, मुलगा गेला, राजा मात्र पंचविशीतच अडकून पडला. स्वतःचं नावही विसरला. जुनं माणूस एकच उरलं होतं, अंथरुणाला खिळलेली धाकटी बहीण. राजा तिच्या उशाशी बसला. “माझं नाव सांग गं. जीव विटलाय.” “मला कुठे ठाऊक, महाराज? थोरल्या भावाला कुणी नावानं हाक मारतं का?” ती बोळकं पसरून हसली. राजाचा चेहरा पडला. तेवढ्यात दाराबाहेरून कुणीतरी तिचं नाव पुकारलं. तिनं पांघरूण सारून पाय खाली सोडले. “दादा, चपला घालून दे ना.” राज्याभिषेकानंतर तिनं अशी हाक पहिल्यांदाच मारली. राजा गुडघ्यांवर बसला. पट्टा लावताना त्याच्या हातावर पहिली सुरकुती उमटली.