गाळलेली कुजबुज

चर्चमधल्या पडद्यावर गीताचे शब्द उमटले, लॅपटॉपमधून पेटी वाजू लागली आणि मंडळी उभी राहून गाऊ लागली. पहिल्या बाकावरच्या सुलोचनाकाकू तेवढ्या गप्प. मला रागच आला. त्यांच्याच नवऱ्याची पेटी होती ती! शिमोनकाका गेल्यावर त्यांचं जुनं रेकॉर्डिंग साफ करण्यात मी तीन आठवडे घातले होते.

उपासना संपल्यावर काकू माझ्या टेबलापाशी आल्या. "ह्यांचा आवाज कुठं गेला गं?"

"काका गात नव्हते, काकू. नुसती खरखर आणि कुजबुज होती. ती मी काढली."

"टाकून दिलीस?"

दिली नव्हती. वेगळी फाइल होती. चर्च रिकामं झालं होतं, म्हणून स्पीकरवरच लावली. भात्याचा सुस्कारा आला, मग काकांची कुजबुज: "वादळी." पुन्हा भाता. "तुझ्याविण." प्रत्येक कडव्याआधी त्याचा पहिला शब्द. काकू आपल्या बाकापाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. शब्द कानावर पडला की अख्खं कडवं बिनचूक गात होत्या.

इतकी वर्षं त्या काकांच्या पेटीला लागून असलेल्या त्याच बाकापाशी हातात गीतपुस्तक धरायच्या. कधीकधी ते उलटं असायचं, आम्ही पोरी हसायचो. काकूंना वाचता येत नाही, हे एका माणसाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तोच माणूस मी कचरा म्हणून गाळला होता.

शेवटचं कडवं संपलं. बंद करायला मी हात पुढे केला, तेवढ्यात स्पीकरमधून काका हळूच म्हणाले, "बस आता."

काकू बसल्या.